वाजणारी बाहुली आणि तिची किल्ली

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मनुष्याकडे पाहण्याची आपल्या लोकांची दृष्टि थोडी कनवाळूपणाची व थोडी थट्टेची असते. नाणीं जमविणारा, तिकिटें जमविणारा, अडकित्ते आणि पानाचे डबे जमविणारा, हे सारे एकाच माळेचे मणी, असें म्हणून त्यांची बोळवण करण्यांत येते. परंतु या माळेंत एक मणी इतरांच्या जातीचा नाहीं. वाजणाऱ्या यांत्रिक बाहुल्या जमविणारा मनुष्य हा तो मणी होय. नाणें मिळालें, पुसलें, मखमलीवर ठेवलें, कीं नाण्याच्या संग्राहकाचें कर्तव्य संपलें. पुढें शंभर वर्षें तें नाणें स्वस्थ पडून राहिलें, तरी त्याच्या नाणेंपणास बाध येत नाहीं. वाजणाऱ्या बाहुलीचें तसें नाहीं. तिला किल्ली द्यावी, तेव्हां ती मान वळविते, पापण्या हलविते, हातांतील वाद्यावर बोटें फिरविते, आणि मिनिटभर सारी खोली सुरांनीं भरून जाते. किल्ली न दिली, तर ती एक जुनी बाहुली आहे, दुसरें कांहीं नाहीं. आणि किल्ली दिली, तर दर वेळीं तिच्यांतील कांहींतरी झिजतें. मुकी ठेवावी तर ती ती राहत नाहीं, बोलती ठेवावी तर खर्च होते, असा हा पेंच आहे. या पेंचाविषयीं चार शब्द लिहावे, असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

ज्या वाचकांनीं अशी बाहुली उघडून पाहिली नसेल, त्यांच्यासाठीं तिच्या अंतरंगाची ओळख करून देणें अवश्य आहे. ज्या चौथऱ्यावर ती उभी असते, त्याच्या पोटांत सारा कारखाना असतो. पितळी डबींत गुंडाळलेली पोलादी कमान ही त्याची शक्ति. ती उलगडूं लागली, कीं एक पितळी नळकांडें सावकाश फिरूं लागतें. त्यावर केसासारख्या बारीक शेंकडों खिळ्या बसविलेल्या असतात, व त्यांच्यासमोर एक पोलादी फणी असते. फणीचा प्रत्येक दांत एकेका सुराचा. लांब दांत खर्जाचा, आंखूड दांत टिपेचा. खिळी दांताला उचलते आणि सोडते, तोच तो सूर. त्याच कमानीच्या जोरावर कांहीं चकत्याही फिरत असतात. त्यांची कड वाटोळी नसून उंचसखल कापलेली असते. त्या कडेवरून एक तरफ घसरत जाते. चढ आला कीं उचलली जाते, उतार आला कीं खालीं येते, आणि तिला जोडलेली तार बाहुलीच्या अंगांतून वर जाऊन मान, मनगट किंवा पापणी हलविते. बाहुलीची लाज, तिचा ठसका, तिचें सुस्कारणें, हें सारें त्या चकत्यांच्या कडेवर कोणी कारागिरानें कानशीनें लिहून ठेविलेलें असतें.

सर्वांच्या शेवटीं, आटे पाडलेल्या एका बारीक दांड्यावर, नखाएवढा एक पंखा असतो. तो हवा कापीत गरगर फिरतो आणि कमानीचा वेग आवरून धरतो. हा पंखा किंवा त्याचा दांडा निसटला, तर भरलेली कमान एकदम मोकळी होते, नळकांडें भरधाव सुटतें, खिळ्या वांकतात आणि फणीचे दांत मोडून पडतात. शंभर वर्षें सांभाळलेलें गाणें कांहीं क्षणांत नाहींसें करणारा हा अपघात संग्राहकांच्या जगांत सुप्रसिद्ध आहे. म्हणून जाणते लोक किल्लीला हात घालण्यापूर्वीं पंखा पाहतात. गाणें मध्येंच थांबवूं नये, हाही त्यांचा दंडक आहे; कारण गाणें संपतें तेव्हांच खिळ्या आणि दांत एकमेकांपासून मोकळे होतात. मध्येंच थांबलेली पेटी हलविली, तर धक्क्यानें दोहोंस इजा होते.

ही फणी फार प्राचीन नाहीं. जिनीव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीनें १७९६ सालीं ती कल्पना मांडली. तोंपर्यंत यंत्राला गावयाचें म्हणजे घंटा, तारा किंवा भाते आणि नळ्या लागत, व त्यांना जागा पुष्कळ लागे. त्या काळची सर्वांत कीर्तिमान् बाहुली म्हणजे पिएर जाके-द्रो, त्याचा पुत्र आंरी-लुई आणि त्यांचा सहकारी जां-फ्रेदेरिक लेशो यांनीं स्वित्झर्लंडांतील ला शो-द-फों येथें १७७४ सालीं लोकांस दाखविलेली वादिका. तिच्यासाठीं एक छोटा ऑर्गन मुद्दाम बांधलेला आहे, आणि त्याच्या पट्ट्या ती स्वतःच्या बोटांनीं खरोखर दाबते. वाजवीत असतां तिची छाती श्वासासारखी वरखालीं होते, डोळे बोटांमागून जातात, आणि शेवटीं ती मान लववून वंदन करते. दहा वर्षांनीं, म्हणजे १७८४ सालीं, डेव्हिड राँटगेन या जर्मन सुतारानें आणि पेटर किन्त्सिंग या घड्याळजीनें तारांच्या वाद्यावर दोन हातोड्यांनीं आघात करणारी एक बाहुली घडविली. ती फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेत हिच्याकडे गेली, आणि राणीनें ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीस दिली. राणीचें पुढें काय झालें, तें सर्वविश्रुत आहे. बाहुली मात्र पॅरिसच्या कला आणि हुन्नर यांच्या संग्रहालयांत अद्याप बसलेली आहे, आणि तिच्या पदरीं आठ गाणीं आहेत.

फणी आल्यावर गाणें तळहाताएवढ्या पेटींत मावूं लागलें, आणि राजवाड्यांतील बाहुली सावकाराच्या दिवाणखान्यांत आली. संग्राहक ज्याला सुवर्णयुग म्हणतात, तो काळ १८४८ पासून १९१४ पर्यंतचा. पॅरिसमध्यें व्हिशी, लांबेर, रूले आणि दकां अशीं कारखानदारांचीं घराणीं नांवारूपास आलीं. डोकें जुमोच्या कारखान्यांतील बिनचकाकीच्या चिनीमातीचें, गाणें स्विस पेटीचें, कपडे पॅरिसचे, असा तो संसार असे. लांबेरच्या बाहुल्यांचे कपडे त्याची पत्नी करीत असे. या बाहुल्या जाके-द्रोच्या वादिकेप्रमाणें खरोखर वाजवीत नाहींत. हात मँडोलिनवर फिरतो, आणि सूर चौथऱ्यांतून येतो. कांहीं कडवे संग्राहक यामुळें त्यांस तुच्छ लेखतात. आम्हांस हा कडवेपणा पटत नाहीं. आपल्या चित्रपटांत ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा असतो, म्हणून आपले डोळे पाणावावयाचे राहिले आहेत काय? हाताची आणि सुराची गांठ कारागिरानें इतक्या बारकाईनें घातलेली असते कीं, पाहणाऱ्यास ती फसवणूक न वाटतां करार वाटतो. पुढें फोनोग्राफ आला, मग १९१४ चें युद्ध आलें, आणि या धंद्याची रया गेली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अशी वस्तु हातीं आली, तर ती किती वाजवावी? अति वाजविल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण आपल्या देशाशीं संबंध असलेलेंच आहे. टिपू सुलतानाचा लांकडी वाघ १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां इंग्रजांच्या हातीं लागला. वाघानें एका गोऱ्या माणसास खालीं पाडलें आहे. बाजूची दांडी फिरविली कीं त्या माणसाचा हात हलतो, भात्यांतून त्याचें विव्हळणें आणि वाघाची गुरगुर निघते, आणि वाघाच्या पोटांत एक लहानसा ऑर्गनही आहे. लंडनमध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत १८०८ पासून तो मांडून ठेविला होता. येणारा जाणारा प्रत्येक जण दांडी फिरवी. शेजारीं ग्रंथालयांत वाचीत बसलेले विद्वान् त्या गोंगाटानें त्रासून गेले, यंत्र खिळखिळें झालें, आणि १८४३ च्या सुमारास ती दांडीच नाहींशी झाली. दुसऱ्या महायुद्धांत छप्पर कोसळून वाघाचे शेंकडों तुकडे झाले. ते जुळवून तो पुन्हां उभा करण्यांत आला. आज तो व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत कांचेआड आहे. लोक त्यास पाहतात. त्याची डरकाळी मात्र सहसा कोणाच्या कानीं पडत नाहीं.

मग काय कुलूप लावून ठेवावें? तेंही चालत नाहीं. न फिरणाऱ्या यंत्रांतील तेल घट्ट होऊन चिकटा बनतें, हवेंतील ओल पोलादास खाते, आणि पुष्कळ वर्षांनीं कोणी मोठ्या हौसेनें किल्ली दिली, तर तीच शेवटची ठरण्याचा संभव असतो. यांतून न्यूशातेलच्या संग्रहालयानें काढलेला मार्ग आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो. जाके-द्रोच्या तिन्ही बाहुल्या तेथील इतिहासप्रेमी मंडळींनीं १९०६ सालीं परदेशांतून विकत घेऊन स्वदेशीं आणल्या. संग्रहालयांत त्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं चालवून दाखवितात. एरव्हीं त्यांस विश्रांति. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांतील घड्याळापुढें असाच अनुभव येतो. तास भरतेवेळीं एक इवलासा दाढीवाला मनुष्य आंतून बाहेर येतो व घंटेवर टोले देतो. त्या क्षणासाठीं लोक आधींपासून जागा धरून बसतात. पंचावन्न मिनिटांची वाट पाहणें हा त्या पांच मिनिटांच्या आनंदाचाच भाग आहे, हें त्या गर्दीकडे पाहिलें म्हणजे समजतें.

आमचा स्वतःचा संग्रह सांगण्याजोगा नाहीं. प्राध्यापकाच्या प्राप्तींत पॅरिसच्या बाहुल्यांचें कपाट भरत नाहीं. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईच्या चोरबाजारांत एक मँडोलिनवाली आमच्या हातीं आली. उंची सुमारें दीड फूट. डोकें शाबूत, रेशमी झग्याच्या चिंध्या, आणि फणीचे दोन दांत गेलेले. चौथऱ्यांतील पेटींत तीन तीन मात्रांनीं झुलणारी एक नाचाची चाल आहे, आणि दोन दांत नसल्यामुळें ती दोन ठराविक जागीं अडखळत असे. घरांतील मुलांनीं ती चाल अडखळण्यासकट पाठ केली. आमचा धाकटा पुतण्या आंघोळ करितांना ती गुणगुणे, आणि त्या दोन जागीं नेमका क्षणभर गप्प बसे!

शहराच्या जुन्या भागांत एक वृद्ध घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे आम्हीं ती नेली. त्यांनीं भिंग लावून तासभर आंत पाहिलें, आणि मग म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, गेलेले दोन दांत नवे घडवून बसवीन. पण उरलेल्यांना हात लावायला सांगूं नका. ते ज्यानें लावले, त्याचा कान माझ्यापेक्षां चांगला होता." अडीच महिन्यांनीं बाहुली परत आली. चाल अखंड वाजली; आणि घरांतील सर्व मुलांनीं एकमुखानें तक्रार केली कीं, ही आपली बाहुली नव्हे. कोणती चाल खरी, कारागिरानें पेटींत घातलेली कीं आमच्या घरांत रुजलेली, या वादाचा निकाल आमच्यानें आजवर लागलेला नाहीं. न्याय कारागिराच्या बाजूनें आहे, हें आम्ही जाणतों. पण पुतण्या अजून त्या दोन जागीं थांबतो.

झग्याचा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं सोडविला. त्या काळीं रेशीम भारदस्त व सळसळतें व्हावें म्हणून त्यास कथलाच्या क्षारांचा संस्कार करीत. त्या क्षारांनींच पुढें धागा ठिसूळ होतो, आणि कापड घडीवर चिरत जातें. आमचे एक संग्राहक स्नेही म्हणाले, चिंध्या असल्या तरी त्या मूळच्या आहेत, त्यांस हात लावूं नका. सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं, फाटक्या वस्त्रानिशीं बाईमाणसाला चार लोकांपुढें बसवणें शोभत नाहीं. अखेर जुना झगा मऊ सुती कापडांत गुंडाळून डब्यांत गेला, त्याच मापाचा साधा रेशमी झगा त्यांनीं शिवला, आणि नव्या झग्याच्या आंतील बाजूस शिवल्याचें साल टांक्यांनीं भरलें, म्हणजे पुढें कोणाची दिशाभूल व्हावयास नको. मोठमोठ्या संग्रहालयांतील तज्ज्ञही याहून फारसें निराळें करीत नाहींत.

तिच्या वाजण्याचाही आमच्या घरीं नेम ठरला आहे. महिन्यांतून एकदां, पौर्णिमेच्या संध्याकाळीं, एक किल्ली. पावसाळ्यांत पोलादास घाम फुटतो, म्हणून आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत देवांबरोबर तीही निजते. हा नेम ऐकून आमचे तरुण मित्र हंसतात. ते म्हणतात, "आतां प्रत्येकाच्या खिशांत ध्वनि आणि चित्र टिपणारें यंत्र आहे. एकदां नीट टिपून घ्या, आणि बाहुलीला कायमची विश्रांति द्या." सूचना वावगी नाहीं, आणि आम्हीं तसें टिपूनही ठेविलें आहे. परंतु टिपलेली चाल दर वेळीं जशीच्या तशी असते. बाहुली तशी नसते. कमान उलगडत आली कीं तिचा हात मंदावतो, शेवटचे सूर एकमेकांपासून लांब पडूं लागतात, आणि आतां पुढचा येतो कीं नाहीं, अशा शंकेनें सारें घर श्वास रोखतें. तो श्वास कोणत्याही यंत्रांत टिपला जात नाहीं, कारण तो ऐकणाऱ्याचा असतो.

तथापि खरी चिंता निराळीच आहे. बाहुली झिजते, तशी ती दुरुस्तही होते. राणीच्या बाहुलीची १८६४ च्या सुमारास रोबेर-ऊदां या नामांकित जादूगारानें दुरुस्ती केली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. जादूगार होण्यापूर्वीं तो घड्याळजी होता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. दुरुस्त करणारे हात मात्र झिजले, कीं ते दुकानांत मिळत नाहींत. माळव्याच्या भोजराजानें अकराव्या शतकांत 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथांत यंत्रांचा एक अध्याय लिहिला आहे. त्यांत वाद्यें वाजविणाऱ्या व नाचणाऱ्या बाहुल्यांचा उल्लेख आहे. परंतु यंत्रांची जुळणी आपण अज्ञानामुळें नव्हे, तर गुप्ततेसाठीं सांगितली नाहीं, असें तो स्पष्ट म्हणतो. परंपरेचें कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास आणि बुद्धि हीं त्या विद्येचीं साधनें, असेंही तो सांगतो. परंपरा तुटली, आणि त्या बाहुल्यांचीं आज नांवेंच तेवढीं शिल्लक आहेत. उलट, अल-जझरी या यंत्रकारानें १२०६ सालच्या आपल्या ग्रंथांत नौकेंत बसून वाजविणाऱ्या चार पुतळ्यांसह आपलीं सर्व यंत्रें मापांसकट वर्णिलीं, आणि त्या वर्णनांवरून आधुनिक काळांत त्याचीं कांहीं यंत्रें पुन्हां उभीं करतां आलीं. भोजाच्या विद्वत्तेविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. परंतु या बाबतींत आमचें मत जझरीस आहे.

पन्नाशी उलटली, कीं संग्राहकास आपल्यामागें काय, हा विचार सोडीत नाहीं. मुर्तो गिनेस या गृहस्थांनीं न्यूयॉर्कमध्यें वाजणाऱ्या पेट्या आणि यांत्रिक बाहुल्या मिळून सुमारें ७०० नग जमविले. २००२ सालीं ते निवर्तले, आणि पुढील वर्षीं तो संग्रह न्यू जर्सींतील मॉरिस म्युझियमकडे गेला. आपल्याकडे पुण्यास दिनकर केळकरांनीं आयुष्यभर जमविलेला संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनास दिला. आमच्या एकुलत्या एक मँडोलिनवालीसाठीं कोणी संग्रहालय दार उघडणार नाहीं, आणि तशी आमची अपेक्षाही नाहीं. घरांत मात्र तिला मागणारे तिघे होते. आमच्या मुलीला ती लहानपणची आठवण म्हणून हवी होती, एका भाच्याला तिची किंमत ठाऊक होती, आणि आमच्या थोरल्या पुतणीनें ती मागितली नव्हती; तिनें फक्त एवढेंच विचारलें होतें, "काका, ती उघडतात कशी?"

ही मुलगी यंत्रशास्त्राची विद्यार्थिनी आहे. गेलीं दोन वर्षें ती दर रविवारीं त्या घड्याळजींच्या दुकानांत जाऊन बसते. ती त्यांस आजोबा म्हणते, आणि ते तिला पोरी म्हणून रागें भरतात. फणीच्या दांतांखालीं, पुढची खिळी लागण्यापूर्वीं कंप थांबविण्यासाठीं, केसाएवढ्या तारा बसविलेल्या असतात. त्या बसविणें हें या कामांतील सर्वांत चिकट काम. आजोबांची दृष्टि आतां मंद होत चालली आहे, त्यामुळें तें काम ते तिच्याकडून करवून घेतात व कानानें तपासतात. सूर जरा खरखरला, कीं "काढ, पुन्हां बसव" म्हणतात. ती निमूटपणें काढते, आणि प्रत्येक पायरीचें चित्र व माप आपल्या वहींत उतरून ठेविते. जझरीचें नांव तिनें ऐकलेलें नाहीं, तरी ती त्याच पंथाची आहे.

बाहुली तिला द्यावयाचें आम्हीं ठरविलें, तेव्हां घरांत थोडी कुरकुर झाली. मुलीची समजूत घालण्यास आम्हांस एक संध्याकाळ खर्चावी लागली; ती शहाणी आहे, तिनें ऐकलें. भाचा अद्याप बोलत नाहीं. पुतणीला आम्हीं दोनच अटी घातल्या आहेत. एक, ती वही कुलुपांत ठेवावयाची नाहीं. दुसरी, आणखी एका माणसाला तरी हें सारें शिकवावयाचें. त्या अटींवर किल्ली आमच्या टेबलाच्या खणांतून तिच्या पेटींत गेली आहे. येत्या कार्तिकी एकादशीस ती प्रथम पंखा पाहील, मग किल्ली देईल; आणि ती चाल कशी वाजते, हें ऐकावयास आम्ही इतरांबरोबर सतरंजीवर बसूं.